भाकड दिवसांचा हिशोब

(जालना जिल्ह्यातील दूध उत्पादक शेतकऱ्यांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



दूध व्यवसायाच्या मेळाव्यात वक्ता उभा राहिला की पहिला प्रश्न विचारतो, "तुमची गाय किती लिटर देते?" मी आज तो प्रश्न विचारणार नाही. माझा प्रश्न असा आहे की, मागच्या वेतानंतर तुमच्या गोठ्यातील प्रत्येक गाय किती दिवस भाकड होती? लिटरचा आकडा सर्वांच्या तोंडावर असतो. भाकड दिवसांचा आकडा शंभरात चार जणांनाही सांगता येत नाही. गोठ्याचा नफा-तोटा मात्र याच आकड्यावर ठरतो.

काही वर्षांपूर्वी भोकरदन तालुक्यातील एका वस्तीवर गेलो होतो. घरी तीन संकरित गाई. घरधन्याने दर दहा दिवसांच्या दुधाच्या पावत्या तारेत ओवून ठेवल्या होत्या. त्या माझ्यापुढे ठेवून ते म्हणाले, "साहेब, एवढं दूध घातलं, पण घरात काय राहिलं ते सापडत नाही." आतून त्यांच्या घरधनीणबाई म्हणाल्या, "सापडंल कसं? दुधाची वही घरात हाय, पेंडीची दुकानदाराकडं हाय."

मंडळी, आजच्या भाषणाचे सार त्या बाईंनी एका वाक्यात सांगितले. एक वही घरात आणि दुसरी दुकानात असली की दुधाचा पगार हाच नफा वाटू लागतो. आज आपण या दोन्ही वह्या शेजारी मांडू. शिवाय जी वही कोणीच ठेवत नाही ती, म्हणजे भाकड दिवसांची वही, तीही उघडू.

पूर्वीचा हिशोब वेगळा होता

आपल्या वडिलांनी गाई पाळल्या तेव्हा असा हिशोब करण्याची गरज नव्हती. घरची ज्वारी होती आणि ज्वारीबरोबर कडबा आपोआप येत होता. गाय त्या कडब्यावर आणि बांधावरच्या गवतावर जगत होती. तिला झालेला गोऱ्हा दोन-तीन वर्षांत औताला लागत असे. शेणखत रानात जात होते. दूध हे वरचे उत्पन्न होते. लाल कंधारी आणि देवणी या मराठवाड्याच्या जाती याच हिशोबात बसणाऱ्या होत्या. बैल दणकट, खाणे बेताचे आणि ऊन सोसण्याची ताकद मोठी.

आता चित्र पालटले आहे. ज्वारीच्या जागी कपाशी आणि सोयाबीन आले. कपाशीच्या पऱ्हाटीचा चारा होत नाही. सोयाबीनचे भुसकट जनावर खाते, पण कडब्याची जागा ते घेऊ शकत नाही. औताचे काम ट्रॅक्टरकडे गेले. संकरित गाईचा गोऱ्हा औताला फारसा चालत नाही, आणि आता औतच राहिले नाही. थोडक्यात, पूर्वी कडबा, बैल, खत आणि दूध मिळून गाईचा खर्च भागवत होते. आज तो सगळा भार एकट्या दुधावर आला आहे. म्हणून दूध थांबले की हिशोब थांबतो. खर्च मात्र थांबत नाही.

एका गाईचा हिशोब

आपण एक साधारण बरी संकरित गाय घेऊ. पुढचे दर मी हिशोबासाठी धरले आहेत. आपल्या गावचे दर वेगळे असतील तर ते घालून हाच हिशोब घरी पुन्हा करावा.

गाय ३०५ दिवस दुधात राहिली आणि सरासरी रोज १० लिटर दूध दिले, असे धरू. म्हणजे ३,०५० लिटर. त्यातले २०० लिटर वासराने प्यायले. राहिलेले २,८५० लिटर दूध ३२ रुपयांनी घातले. जमा ९१,२०० रुपये.

आता खर्च. रोज हिरवा चारा २० किलो, २ रुपये किलोने ४० रुपये. वाळला चारा ५ किलो, ६ रुपये किलोने ३० रुपये. खुराकाचा सर्वसाधारण नियम असा की, शरीरपोषणासाठी दीड किलो आणि गाईच्या दर अडीच लिटर दुधामागे एक किलो. दहा लिटरला साडेपाच किलो होतो. आपण ५ किलोच धरू. २८ रुपये किलोने १४० रुपये. खनिज मिश्रण, औषधे, रेतन, विमा, वीज मिळून रोज २० रुपये. एकूण रोजचा खर्च २३० रुपये, आणि ३०५ दिवसांचा ७०,१५० रुपये. शिल्लक राहिले २१,०५० रुपये.

इथपर्यंत हिशोब बरा दिसतो. बहुतेक जण इथेच थांबतात. पण गाय यानंतर भाकड होते. भाकड गाईला चारा तेवढाच लागतो. खुराक २ किलो धरला तर ५६ रुपये, चारा ७० आणि इतर २० मिळून रोज १४६ रुपये. दोन वेतांमधील अंतर ४०० दिवसांचे असेल तर भाकड दिवस ९५ होतात. त्यांचा खर्च १३,८७० रुपये. आता शिल्लक ७,१८० रुपये. दोन ट्रॉली शेणखताचे ८,००० रुपये धरले तर १५,१८० रुपये.

अजून एक खर्च राहिला. तो रोज दिसत नाही. ८०,००० रुपयांना घेतलेली गाय पाच वेतांनंतर थकते. म्हणजे दर वेताला गाय १६,००० रुपयांनी झिजते. १५,१८० मधून १६,००० वजा करा. उणे ८२० रुपये! आणि आपण घरच्या माणसांची मजुरी अजून एक रुपयाही धरलेली नाही.

आता वेतांतील अंतर ४०० ऐवजी ५०० दिवस झाले तर काय होते ते पाहा. भाकडकाळात १०० दिवसांची भर पडली. रोज १४६ रुपयांप्रमाणे १४,६०० रुपये जास्त गेले. खताचे २,००० रुपये जास्त मिळाले असे धरले तरी तोटा १३,००० रुपयांच्या पुढे जातो. कोणी म्हणेल, "आमची गाय लांबलेल्या वेतातही तीन-चार लिटर देते." देत असेल. साडेतीन लिटरचे ११२ रुपये होतात, आणि ती निव्वळ बसून असती तरी १४६ रुपयांचे खात होती. तोटा कमी झाला, नफा झाला नाही.

तर बंधूंनो, दोन वेतांतील शंभर दिवसांचा उशीर हा आपल्या गोठ्यातील सर्वांत मोठा चोर आहे. तो रात्री येत नाही, कुलूप तोडत नाही. दावणीला उभा राहून खातो आणि आपणच त्याला वैरण टाकतो.

दोन गाई आणि बँकेचा हप्ता

पुष्कळ तरुण मित्र कर्ज काढून दोन गाई घेऊ पाहतात. त्यांनी हा हिशोब लक्ष देऊन ऐकावा. दोन गाईंसाठी १,६०,००० रुपयांचे कर्ज ११ टक्के व्याजाने पाच वर्षांसाठी घेतले तर महिन्याचा हप्ता सुमारे ३,४८० रुपये बसतो. म्हणजे दिवसाला ११६ रुपये. पाच वर्षांत व्याजापोटी जवळपास ४८,७०० रुपये जातात.

दुधातील एका गाईचे खाणे-पिणे वजा जाता रोज सुमारे ६९ रुपये राहतात. दोन्ही गाई दुधात असताना १३८ रुपये. हप्ता फिटतो आणि थोडे उरते. पण एक गाय भाकड झाली की ६९ मधून तिचे १४६ रुपये वजा होतात. रोज ७७ रुपये घरातून घालावे लागतात आणि हप्ता वेगळाच.

तुम्ही म्हणाल, चारा घरचा आहे, त्याचे पैसे कशाला धरता? बरे, दोन्ही गाईंच्या चाऱ्याचे १४० रुपये धरू नका. तरी हातात रोखीने ६३ रुपये राहतात आणि हप्ता ११६ रुपयांचा आहे. रोज ५३ रुपये कमी. हे ५३ रुपये कोठून येतात? कपाशीच्या पैशातून, मजुरीतून किंवा पेंडवाल्याच्या उधारीतून. उधारी वाढली की दूध कोणत्या केंद्रावर घालायचे हे आपल्या हाती राहत नाही. मग भावासाठी बोलण्याची ताकदही जाते.

म्हणून कर्जावर दोन गाई घ्यायच्या असतील तर दोन्ही एकाच महिन्यात व्यालेल्या घेऊ नयेत. पाच-सहा महिन्यांच्या अंतराने घ्याव्यात. एक आटेल तेव्हा दुसरी दुधात असावी. खाद्य-औषधाच्या रोजच्या खर्चासाठी किसान क्रेडिट कार्ड वापरावे. २०१८-१९ च्या अर्थसंकल्पात ही सोय पशुपालनास लागू करण्याची घोषणा झाली आणि २०१९ पासून बँकांना तसे निर्देश आहेत. दोन लाखांपर्यंतच्या खेळत्या भांडवलावर, वेळेवर परतफेड केल्यास, व्याज ४ टक्क्यांपर्यंत उतरते. लक्षात ठेवा, हे कर्ज खेळत्या भांडवलाचे आहे. त्यातून गाय घेतली तर वर्षअखेर परतफेडीला गाय विकावी लागेल.

भाव आणि पाऊस : दोन्ही आपल्या हाती नाहीत

आता हिशोब बिघडवणारी दोन कारणे पाहू. पहिले कारण दुधाचा भाव. आपल्या राज्यातील गाईच्या दुधाचा मोठा भाग भुकटी आणि लोणी करण्याकडे जातो. देशात किंवा जगाच्या बाजारात भुकटीचे भाव पडले, गोदामे भरली, की गावच्या केंद्रावरचा भाव उतरतो. जालन्याच्या खेड्यातील शेतकऱ्याने काहीही चूक केलेली नसते. २०१८ मध्ये आणि पुन्हा २०२४ मध्ये भाव इतके घसरले की राज्य शासनाला लिटरमागे ५ रुपये अनुदान जाहीर करावे लागले. आपल्या हिशोबात भाव ३२ वरून २७ झाला तर रोजचे ६९ रुपये घटून २२ राहतात.

दुसरे कारण दुष्काळ. १९७२ चा दुष्काळ ज्यांनी पाहिला ती पिढी आता थोडीच उरली आहे, पण २०१२-१३ आपल्या सर्वांच्या ध्यानात आहे. २०१२ चा पावसाळा हुकला आणि २०१३ च्या उन्हाळ्यात या जिल्ह्यातील मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या. राज्यात अनेक ठिकाणी चारा छावण्या उघडाव्या लागल्या. अशा वर्षी चाऱ्याचा भाव दुप्पट झाला असे धरा. ७० रुपयांचा चारा १४० रुपयांना पडतो आणि दुधातील गाईचे ६९ रुपये उणे १ होतात. म्हणजे दुष्काळात भरल्या कासेची गायही घराला काही देत नाही. त्यातच दुभत्या संकरित गाईला उन्हाळ्यात निव्वळ पिण्यासाठी ७०-८० लिटर पाणी लागते. पाणी टँकरचे असेल तर त्याचाही खर्च आला. अशा वेळी सगळेच जनावरे बाजारात नेतात आणि ८०,००० ची गाय मातीमोल जाते.

यावरून एक नियम सांगतो. आपल्या गोठ्यात गाई किती असाव्यात हे पावसाळ्यातल्या हिरव्या बांधावरून ठरवू नका. मे महिन्यातल्या विहिरीवरून ठरवा.

भाकड दिवस कसे कमी करावेत?

भाव आणि पाऊस आपल्या हाती नसला तरी भाकड दिवस बऱ्याच अंशी आपल्या हाती आहेत. गाय गाभण राहिल्यापासून साधारण २८० दिवसांनी विते. व्याल्यानंतर ६० ते ९० दिवसांत ती पुन्हा गाभण राहिली तर वेतांतील अंतर १२ ते १३ महिन्यांच्या आत राहते. यासाठी पुढील गोष्टी कराव्यात.

पहिली गोष्ट, माज ओळखणे. माज दर २१ दिवसांनी येतो. एक माज चुकला की २१ दिवस गेले. आपल्या दराने ३,००० रुपयांहून अधिक रक्कम गेली. पहाटे आणि रात्री झोपण्यापूर्वी, अशी दोन वेळा गोठ्यात पाच-दहा मिनिटे शांत उभे राहावे. हंबरणे, दुसऱ्या जनावरावर उडणे, दूध एकाएकी कमी होणे, काचेसारखा चिकट सोट दिसणे ही लक्षणे पाहावीत. उन्हाळ्यात मुका माज असतो, तेव्हा सोटावर जास्त लक्ष ठेवावे. सकाळी माज दिसल्यास संध्याकाळी आणि संध्याकाळी दिसल्यास दुसऱ्या दिवशी सकाळी रेतन करून घ्यावे.

दुसरी गोष्ट, गाभण तपासणी. रेतन केले म्हणजे गाय गाभण राहिली असे समजून चार महिने वाट पाहणारे पुष्कळ आहेत. मग कळते की गाय रिकामीच आहे. रेतनानंतर दोन-तीन महिन्यांत पशुवैद्यकाकडून तपासणी करून घ्यावी. दोन-तीनदा रेतन करूनही गाय उलटत असेल तर पुन्हा पुन्हा रेतन करत बसू नये. गर्भाशयाची तपासणी करावी.

तिसरी गोष्ट, व्याल्यानंतरचे पोषण. व्याल्यानंतर दूध वाढत जाते पण गाईची भूक मागे राहते. ती अंगावरचे मांस झिजवून दूध देते आणि माजावर येत नाही. या दोन महिन्यांत खुराकात काटकसर करू नये आणि रोज ५० ग्रॅम खनिज मिश्रण चुकवू नये. पन्नास ग्रॅम खनिजाची बचत करून शंभर दिवस गमावणे हा शहाणपणाचा व्यवहार नव्हे.

चौथी गोष्ट, पुढच्या वेतापूर्वी गाय ६० दिवस आटवावी. कासेला तेवढी विश्रांती लागतेच. हे साठ दिवस तोट्याचे समजू नयेत. ती पुढच्या दुधाची पेरणी आहे. तोट्याचे दिवस त्यापलीकडचे.

चारा आधी, गाय नंतर

गाय घेण्यासाठी निघालेल्या माणसाला मी आधी विचारतो, चारा कोठे आहे? संकरित नेपियर गवताचे दहा गुंठे, बारमाही पाणी आणि भरपूर शेणखत असेल तर दोन गाईंचा बहुतांश हिरवा चारा निघतो. सोबत लसूणघास किंवा बांधावर दशरथ घास, शेवरी असावी. रोज ५ किलो लसूणघास दिला तर साधारण एक किलो खुराक कमी करता येतो. लसूणघासाचा जादा खर्च वजा जाता रोज २३ रुपये, म्हणजे एका वेतात सुमारे ७,००० रुपये वाचतात.

उन्हाळ्यासाठी मुरघास करावा. दोन गाईंना चार महिने रोज प्रत्येकी १५ किलो द्यायचा तर ३,६०० किलो मुरघास लागतो. दहा गुंठे मक्यातून तेवढा सहज निघतो. दाणे चिकात असताना मका कापावा, कुट्टी करावी, खड्ड्यात किंवा पिशवीत दाबून भरावी आणि हवा आत जाणार नाही अशी बंद करावी. दाबण्यात कसूर झाली तर बुरशी येते आणि सगळा चारा फुकट जातो. साधारण ४५-५० दिवसांनी मुरघास तयार होतो. खरिपात दहा गुंठे सोयाबीन कमी पेरले तरी चालेल, पण मे महिन्यात चाऱ्याच्या गाडीमागे धावण्याची वेळ येऊ देऊ नका. ज्यांच्याकडे पाणी नाही त्यांनी रब्बी ज्वारी पूर्णपणे सोडू नये. कडब्याची किंमत धान्याइतकीच धरून पाहा, म्हणजे ज्वारी परवडते की नाही ते कळेल.

गाई वाढवू की दूध वाढवू?

दोन गाईंत भागत नाही म्हणून तिसरी आणावी, असे आपल्याला वाटते. पण तोट्यातली तिसरी गाय तोटाच वाढवते. त्यापेक्षा आहे त्या गाईचे दूध रोज दोन लिटरने वाढवता आले तर पाहा. ६४ रुपयांचे दूध वाढेल, खुराक २२ रुपयांचा वाढेल. रोज ४२ रुपये, वेताला १२,८१० रुपये. चारा, गोठा आणि मेहनत तीच.

हे दोन लिटर कोठून येतील? दिवसभर समोर पाणी ठेवल्याने, उन्हाळ्यात सावली दिल्याने, कासदाह वेळीच ओळखल्याने आणि चांगल्या वळूच्या रेतमात्रेतून झालेली कालवड घरी वाढवल्याने. कुंपण घातलेल्या जागेत गाई मोकळ्या सोडल्या तर शेण काढण्याचे आणि पाणी पाजण्याचे कामही हलके होते.

कोणी विचारतात, गाय ठेवावी की म्हैस? आपल्या जिल्ह्यात जाफराबाद तालुका असल्यामुळे जाफराबादी म्हैस इथलीच, असा काहींचा समज आहे. ती गुजरातमधील जाफराबादची. म्हशीच्या दुधाला फॅट जास्त म्हणून भावही जास्त. पण तिचा गाभणकाळ ३१० दिवसांचा, उन्हाळ्यात माज मुका आणि वेतांतील अंतर लांबण्याची खोड मोठी. म्हणजे भाकड दिवसांचा प्रश्न तिथेही उभाच आहे.

कालवड, गोऱ्हा आणि थकलेली गाय

बाजारातून ८०,००० ची गाय आणण्याऐवजी घरची कालवड वाढवली तर? अठ्ठावीस महिन्यांत, म्हणजे ८५० दिवसांत ती वितेल अशा बेताने रोज ६० रुपये खर्च केला तर ५१,००० रुपयांत गाय तयार होते. वेतामागची झीज १६,००० वरून १०,२०० वर येते. अट एकच, कालवडीला उपाशी ठेवू नये. दूध देत नाही म्हणून तिला उरलासुरला चारा घातला तर ती तीन-साडेतीन वर्षांनी विते आणि सगळी बचत तिच्या खाण्यातच जाते.

गोऱ्ह्याचा प्रश्न अवघड आहे, आणि तो टाळून चालणार नाही. राज्यात गाईच्या कत्तलीस १९७६ च्या कायद्याने बंदी होतीच. ४ मार्च २०१५ पासून वळू आणि बैल यांनाही ती लागू झाली. त्यामुळे थकलेली गाय आणि संकरित गोऱ्हा यांना पूर्वीसारखा ग्राहक राहिलेला नाही. शेवटी काहीतरी किंमत येईल हे धरून केलेला हिशोब आता चुकतो. म्हणून थकलेल्या गाईची किंमत शून्य धरूनच चाला. जास्तीत जास्त कालवडी व्हाव्यात यासाठी लिंगवर्गीकृत रेतमात्रा सवलतीच्या दरात मिळतात. त्यांची चौकशी पशुवैद्यकीय दवाखान्यात करावी. पहिल्या दोन-तीन वेतांच्या निरोगी गाईंना त्या वापराव्यात.

संकटाची तरतूद

२०२२ मध्ये लम्पी चर्मरोग आला तेव्हा कित्येकांच्या दावणी रिकाम्या झाल्या. शासनाने दगावलेल्या गाईस ३०,००० रुपये मदत दिली. आपल्या हिशोबातील गाय ८०,००० ची आहे. मधले ५०,००० कोण देणार? म्हणून लसीकरण आणि विमा दोन्ही हवेत. राष्ट्रीय पशुधन अभियानात २०२४ च्या सुधारणेप्रमाणे विमा हप्त्याचा १५ टक्के वाटा पशुपालकाने भरावयाचा आहे. आपल्या तालुक्यात योजना कशी राबवली जाते ते दवाखान्यात विचारावे. कानातील बिल्ला पडला असल्यास लगेच दुसरा मारून घ्यावा. बिल्ल्याशिवाय भरपाई, विमा आणि खरेदी-विक्री सगळेच अडते.

शिवाय दुधाच्या प्रत्येक पगारातून थोडी रक्कम वेगळ्या खात्यात टाकावी. लिटरमागे दोन रुपये टाकले तरी एका वेतात ५,७०० रुपये होतात. ही भाकड दिवसांची शिदोरी समजावी. ते खाते घरातल्या बाईच्या नावे असावे, कारण पहाटे चारला उठून धार काढणारी बहुधा तीच असते.

शेवटी मजुरीचे

आपण सगळे नीट केले असे धरू. अंतर ४०० दिवसांवर आणले, दूध दोन लिटरने वाढवले, कालवड घरची, लसूणघास घरचा. उणे ८२० चे आता सुमारे २४,८०० रुपये होतात. एका गाईमागे रोज दीड तास काम धरले तर ४०० दिवसांत ६०० तास भरतात. म्हणजे तासाला ४१ रुपये मजुरी पडली.

हा आकडा ऐकून काहींचा चेहरा उतरला असेल. मी तो मुद्दाम सांगितला. उत्तम गोठाही आपल्याला घरबसल्या मजुरी, रानाला खत आणि दर दहा दिवसांनी रोख पैसा देतो. कोरडवाहू जिल्ह्यात ही छोटी गोष्ट नाही. कपाशी वर्षातून एकदा पैसा देते आणि पाऊस फिरला तर तोही देत नाही. पण दोन गाईंच्या जिवावर बंगला बांधू असे कोणी सांगत असेल तर त्याची वही मागा. आणि ढिसाळ गोठ्यात तर मजुरीही सुटत नाही, उलट घरातूनच भरावे लागते.

म्हणून आज घरी जाऊन एवढेच करा. एक शंभर पानी वही घ्या. प्रत्येक गाईला एक पान द्या. त्यावर चार तारखा लिहा : व्याली कधी, माजावर कधी आली, रेतन कधी केले, आटवली कधी. मागच्या पानावर पेंडवाल्याच्या दुकानातील उधारी दर आठवड्याला उतरून घ्या. लिहिण्याचे काम शाळेत जाणाऱ्या मुलीकडे किंवा मुलाकडे द्या. वर्षअखेर ज्या गाईचे भाकड दिवस दीडशेच्या वर गेले असतील तिच्याविषयी घरात बसून बोला. उपचार करायचे, की भाव बरा असताना ती विकायची, हे तेव्हा ठरवा. दुष्काळाने ते ठरवू नये.

भोकरदनच्या त्या घरी मी वर्षभराने पुन्हा गेलो. तीन गाईंच्या दोन झाल्या होत्या. घरधनी म्हणाले, "साहेब, दूध थोडं कमी घालतो, पण पेंडवाल्याची उधारी फिटली." बाईंनी आतून वही आणून माझ्यापुढे ठेवली. दुधाचा आणि पेंडीचा हिशोब त्या एकाच वहीत होता.